दुष्काळ कोण सोसतो? एका सामूहिक संशोधनाची आखणी

‘तग धरणे’ हा वाक्प्रचार मराठीत जितका सहज वापरला जातो, तितकाच तो फसवा आहे. पाऊस हुकला तरी बाभूळ तग धरते, जनावर तग धरते, घर तग धरते आणि गावही तग धरते, असे म्हणण्याची रीत आहे. पण या चार ठिकाणी घडते ते एकच नव्हे. बाभळीला कोणाचे देणे नसते. घर तग धरते तेव्हा त्या घरातल्या कोणी तरी एक वेळचे जेवण सोडलेले असते, एखाद्या मुलीची शाळा सुटलेली असते, गोठ्यातली जोडी बाजार दाखवून आलेली असते. आणि गाव तग धरते तेव्हा त्यातली काही घरे कुलूप लावून कधीच निघून गेलेली असतात.

निसर्गातील फेरबदल पचवून उभे राहण्याच्या समाजाच्या या शक्तीला इंग्रजीत ‘रेझिलियन्स’ म्हणतात. कॅनडातील परिस्थितिकीचे अभ्यासक सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ साली एका निबंधात ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे अरण्ये आणि सरोवरे होती. धक्का बसल्यावर झटपट पूर्वस्थितीला येणे निराळे, आणि मोठा धक्का खाऊनही आपली मूळची घडण न गमावणे निराळे, हा भेद त्यांनी दाखवला. पुढे ही कल्पना माणसांच्या समाजालाही लावली जाऊ लागली. अडचण उभी राहिली ती येथेच. सरोवर टिकले की काम झाले. त्यातला कोणता मासा गेला याचा जाब सरोवराला कोणी विचारीत नाही. गावाला तो विचारावा लागतो. म्हणून या विषयावर जे संशोधन योजावयाचे, त्याचा मुख्य प्रश्न ‘हे गाव किती तगले’ असा नसून, ‘ते तगण्याची किंमत कोणी भरली’ असा असला पाहिजे. हा प्रश्न एकट्यादुकट्याला सुटणारा नाही, आणि केवळ अनेक तज्ज्ञ एकत्र बसवल्यानेही तो सुटत नाही. त्याची आखणी कशी करावी, हे दख्खनच्या कोरड्या पठाराच्या उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा पट्टा अहिल्यानगर, सोलापूर, बीड या जिल्ह्यांतून खाली कर्नाटक-तेलंगणापर्यंत गेलेला आहे. त्यातल्या बऱ्याच भागात वर्षाला साधारणतः ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही लहरी. सोलापूरकडचा शेतकरी खोल काळ्या जमिनीचे बरेचसे रान खरिपात मोकळे ठेवतो, सप्टेंबरच्या पावसाची ओल जमिनीच्या पोटात साठू देतो, आणि त्या ओलीच्या भरवशावर रब्बीची ज्वारी घेतो. ही पद्धत म्हणजेच अवर्षणाशी पिढ्यान्‌पिढ्या केलेला एक करार होय. तथापि करारातील दुसरा पक्ष आता बदलला आहे. १९७२ सालच्या दुष्काळात धान्याचाच तुटवडा होता. २०१३ साली धान्य दुकानात मिळत होते, पण विहिरी आणि कूपनलिका कोरड्या होत्या आणि जनावरे छावणीत बांधलेली होती, असे दोन्ही दुष्काळ पाहिलेली माणसे सांगतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. मधल्या काळात पंप आला, खोल छिद्रे पाडणारी यंत्रे आली, ऊस आला, रोजगार हमी आली, मुले पुण्याला गेली. यातले काय पावसाच्या फेरामुळे घडले आणि काय माणसाच्या हाताने, हे जलशास्त्रज्ञाला समाजशास्त्रज्ञावाचून सांगता येणार नाही, आणि समाजशास्त्रज्ञाला जलशास्त्रज्ञावाचून.

वादळाचे तसे नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ साली ‘फायलिन’ आले तेव्हा वेळीच लोक हलवल्यामुळे मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली. तेथे समाजाची शक्ती वाढली हे एका आकड्यावरून दिसते. दुष्काळाला असा दिवस नसतो, भोंगा नसतो. तो महिना महिना चढत जातो आणि त्याचे घाव घरांच्या आत पडतात. म्हणून त्याचा अभ्यास अधिक कठीण आणि त्याची आखणी अधिक सावधपणे करण्याची.

महाराष्ट्राला अशा सामूहिक अभ्यासाची परंपरा नाही असे नव्हे. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे प्रभृती सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. जमीन, पाणी, पिके, गुरे, कर्ज, मजुरी हे सर्व एकाच गावाच्या संदर्भात एकाच पथकाने तपासावे, ही गोष्ट त्या काळी नवी होती. तेथील सरासरी जमीनधारणा १७७१ साली ४० एकर होती ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली, हा त्यातला आकडा पुढे अर्थशास्त्राच्या कित्येक पाठ्यपुस्तकांत गेला. पण आखणीच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे. मॅन यांनी कुटुंबांचे तीन वर्ग पाडले: केवळ जमिनीवर निभावणारी, जमिनीला बाहेरच्या कमाईची जोड मिळाली तर निभावणारी, आणि दोन्ही असूनही न निभावणारी. म्हणजे गावाची सरासरी काढून ते थांबले नाहीत. शिवाय हे गाव पुण्याच्या फार जवळ, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातील मजुरी त्याला मिळते, तेव्हा त्यावरून दख्खनविषयी सरसकट बोलता येणार नाही, हे ओळखून त्यांनी दूरचे, कोरडवाहू असे जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव घेतले. ती पाहणी १९२१ साली आली. गावाची निवड हाच संशोधनातला पहिला युक्तिवाद असतो, हे त्यांना उमगले होते. (आज पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवड शहरातले इमारतींनी गजबजलेले उपनगर आहे. ज्या शेतांचे तुकडे मॅन यांनी मोजले, त्यांवर आता मजले मोजावे लागतात.)

आजच्या संशोधकांचा मोह नेमका उलट दिशेचा आहे. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी ही गावे पाहण्यासारखी खरीच. परंतु जो तो तेथेच जातो. यशस्वी गावांच्या अभ्यासावरून यशाचे कारण कळत नाही, कारण तीच कारणे असूनही अपयशी ठरलेले शेजारचे गाव कोणी पाहिलेले नसते. म्हणून आखणीत प्रत्येक नावाजलेल्या गावाबरोबर तोच पाऊस, तीच माती असलेले पण वर्तमानपत्रात नाव न आलेले एक गाव घेतलेच पाहिजे.

सामूहिक संशोधने बहुधा कशी फसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आधी पैसा मंजूर होतो, मग निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ जमवले जातात, जो तो आपल्या सवयीचे मोजमाप घेऊन येतो आणि तीन वर्षांनी पाच स्वतंत्र अहवाल एका पुठ्ठ्यात बांधून सादर होतात. यांतील प्रत्येक अहवाल आपापल्या परीने बरोबर असतो. ते एकमेकांशी बोलत नाहीत एवढेच. याचे कारण वृत्तीत शोधले जाते, पण ते पुष्कळदा एककात असते. पावसाची नोंद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर होते. विहिरीचे पाणी पाणलोटाचे नियम पाळते. अनेक दशके दुष्काळ जाहीर करण्याचा आधार असलेली पैसेवारी गाव धरून निघे, आणि पन्नास पैशांच्या आतले गाव ते दुष्काळी ठरे. सातबारा गटाचा असतो, कर्जखाते व्यक्तीचे असते, शिधापत्रिका कुटुंबाची असते. आता पावसाने ओढ दिल्यामुळे अमुक घराने बैल विकला, हे विधान करावयाचे तर या सहा नोंदी एका घराशी आणून जोडाव्या लागतात. ही जोडणी शेवटी करू म्हटले तर होत नाही. पहिल्या महिन्यातच पथकाने एक साधा नकाशा तयार करावा: कोणते घर कोणत्या गटात पेरते, तो गट कोणत्या ओढ्याच्या पाणलोटात येतो, त्या घराला पिण्याचे पाणी कोणत्या विहिरीचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ज्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यांपैकी जवळची कोणती, हेही त्यावर दाखवावे. हा नकाशा काढताना भूशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ एकाच बांधावरून चालत गेले, तर निम्मे भांडण तेथेच मिटते.

दुसरा प्रश्न काळाचा. एकदाच जाऊन केलेली पाहणी म्हणजे छायाचित्र. दुष्काळाची चाल त्यात दिसत नाही. या बाबतीत हैदराबादजवळील पाटनचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेने १९७५ साली घालून दिलेला कित्ता अजून जुना झालेला नाही. महबूबनगर जिल्ह्यातील औरेपल्ले व दोकूर, सोलापूरकडील शिरापूर व कळमण, आणि अकोल्याकडील कंझारा व किनखेडा अशी सहा गावे निवडली गेली. प्रत्येक गावात ४० कुटुंबे: लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी दहा आणि भूमिहीन मजुरांची दहा. ग्रामीण वळणाचे, तेथली भाषा बोलणारे अन्वेषक गावातच राहत आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी पुन्हा जात. काय पेरले, कोणाकडे कामाला गेले, काय खाल्ले, कोणाकडून उसने आणले. काही गावांत हे काम सलग दहा वर्षे चालले आणि २००१ पासून ते पुन्हा हाती घेण्यात आले.

या वह्यांतून पुढे जे निघाले, ते वह्या भरणाऱ्यांच्या मनातही नसेल. रॉबर्ट टाउन्सेंड यांनी १९९४ साली दाखवले की, एखाद्या घराचे उत्पन्न घटले तरी त्याचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. तो बऱ्याच अंशी गावाच्या सरासरी खर्चाबरोबर वरखाली होतो. म्हणजे उसनवारी, भाऊबंदकी, शेजारधर्म यांचे जाळे घराला सावरून धरते. पण याच निष्कर्षाची दुसरी बाजू महत्त्वाची आहे. एका घरी आजारपण आले तर गाव त्याला सांभाळील. पण पाऊस साऱ्या गावाचाच चुकला, तर कोणी कोणाला उसने द्यावयाचे? आणि त्यांनी तपासलेल्या तीन गावांपैकी एका गावात भूमिहीनांना हे जाळे इतरांपेक्षा कमीच सावरीत होते. गाव तगले, असे म्हणणाऱ्याने हे वाक्य विसरू नये.

मग गावाबाहेरचा आधार लोक कोठून उभा करतात? मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली याच नोंदींवरून सुचवलेले उत्तर समाजशास्त्रज्ञाला आणि कोणत्याही आजीला सारखेच पटेल. ज्यांचे शेतीचे उत्पन्न अधिक बेभरवशाचे, ती घरे लेकी लांबच्या गावी देण्याकडे कललेली दिसली. लांबच्या गावी निराळा पाऊस पडतो. इकडे हुकला तर तिकडच्या सोयऱ्यांकडून पायली-दोन पायल्या येतात. सोयरीक हे एक प्रकारचे विमापत्रच ठरले. केवळ हवामानाचे आकडे मांडणाऱ्याला हे दिसले नसते, आणि केवळ नातेसंबंधांचा अभ्यास करणाऱ्याने त्याचा पावसाशी संबंध जोडला नसता. मात्र या विम्याचा हप्ता माहेरापासून दूर गेलेल्या मुलीने भरला, हे आकडे सांगत नाहीत. ते विचारण्यासाठी पथकात अशी स्त्री-अन्वेषक हवी, की जी दुपारच्या वेळी चुलीशी बसू शकेल. घरात शेवटी कोण जेवते, भाकरी कमी पडली तर कोणाच्या ताटातली कमी होते, टँकर आला की रांगेत कोण उभे राहते, या प्रश्नांची उत्तरे ओसरीवर मिळत नाहीत.

किंमत कोणी भरली हे मोजावयाचे, तर मोजपट्टी कोणाची, हाही प्रश्न येतोच. एन. एस. जोधा यांनी राजस्थानातील दोन गावांत १९६० नंतरच्या दशकात आणि पुन्हा १९८२ ते १९८४ या काळात जाऊन पाहिले. दरडोई वास्तव उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटलेल्या कुटुंबांना त्यांच्याच दृष्टीने काय सुधारले असे विचारले, तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक कसोटीवर ती सुधारलेली निघाली. सालगड्यासारखे बांधून राहावे लागत नाही, बियाण्यासाठी धन्याच्या दारात उभे राहावे लागत नाही, पायात वहाण आली. उत्पन्न घटले आणि माणूस मोकळा झाला, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तेव्हा पथकाने आपल्या प्रश्नावलीत गावकऱ्यांच्या कसोट्या आधी गोळा कराव्यात आणि मगच आपल्या घालाव्यात. जोधांनीच दाखवून दिलेली आणखी एक गोष्ट, म्हणजे गायरान, वनजमीन, तलावाचा काठ अशा सामाईक जागांवर कोरड्या प्रदेशातील गरिबांचा किती भार असतो आणि त्या जागा कशा आटत गेल्या; सातबारा पाहणाऱ्याच्या नजरेतून ती सहज निसटते, कारण सामाईक जमीन कोणाच्याच नावावर नसते.

वेळापत्रकाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण ते कार्यालयात बसून ठरवले जाते. बीडकडील ऊसतोडणी मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन कारखान्यांकडे निघतात ते उन्हाळ्यात परततात. थंडीच्या सुट्टीत गावात उतरणाऱ्या पथकाला म्हातारी माणसे आणि मुले भेटतात. नमुन्यातील ‘घर बंद’ असे लिहिलेली कुटुंबे वगळली जातात आणि त्यांच्या जागी शेजारची, म्हणजे तुलनेने सुस्थितीतली, घेतली जातात. ज्यांच्यासाठी अभ्यास काढला तेच त्यातून असे गळून पडतात. बंद घर ही गैरसोय नसून ती पहिली नोंद आहे, असे समजून अन्वेषकाने त्या घराच्या मागे फडापर्यंत जावे, आणि त्यासाठी प्रवासखर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा.

गावात वही घेऊन कोणी आला की तो मदतीची यादी करतो आहे, असा समज होतो, आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. आजवर वही घेऊन येणारे बहुधा त्यासाठीच आलेले असतात. मग जनावरे कमी सांगितली जातात आणि कर्ज जास्त. यावर उपाय म्हणजे पहिल्याच ग्रामसभेत हे काम मदतवाटपाचे नाही हे स्पष्ट सांगणे, सरकारी पंचनाम्याच्या वेळी अन्वेषकाला दूर ठेवणे, आणि दरवर्षी निघालेले निष्कर्ष गावातच मराठीत वाचून दाखवणे. चूक असेल तर गाव ती तत्काळ दाखवते.

सर्वांत नाजूक भाग मात्र शासनाच्या वाट्याचा. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातून बळ मिळालेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात उतरली आणि १९७९ पासून तो कायदा अमलात आला. आता एखाद्या पथकाने लोकांची स्वतःची शक्तीच तेवढी मोजली आणि ‘हे गाव समर्थ आहे’ असा निर्वाळा दिला, तर त्या सामर्थ्यातला खडी फोडून मिळालेल्या मजुरीचा हिस्सा नजरेआड होतो. आणि समर्थ ठरलेल्या गावाला पुढल्या वर्षी काम कशाला द्यावयाचे, असे म्हणावयास वाट मोकळी होते. सोशिकपणाचे कौतुक पुष्कळदा असे महागात पडते. यासाठी प्रत्येक कुटुंबाच्या वहीत एक स्तंभ सार्वजनिक आधाराचा असावा: कोणत्या कामावर, किती दिवस, मजुरी किती आणि ती हातात किती दिवसांनी पडली.

असे संशोधन दुष्काळ पडल्यावर सुरू करण्याची प्रथा आहे, कारण पैसा तेव्हाच मिळतो. परंतु बैलजोडी विकली गेली हे कळण्यासाठी ती आधी होती हे लिहिलेले असावे लागते. चांगल्या पावसाच्या वर्षीच, कणगी भरलेली असताना, पथकाने गावात उतरावे. कोणाकडे किती ज्वारी आहे, कोणाचे कोणाकडे उसने आहे, लेकी कोठे दिल्या आहेत, विहिरीला मे महिन्यात पाणी किती हाताखाली असते, हे शांतपणे नोंदवून घ्यावे, आणि पुढचा मृग कोरडा जाईपर्यंत त्याच घरांत येत-जात राहावे.